जाहिरातीनंतरचं पहिलं वाक्य

मालिकेचं नाव आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही.
मिरजेचा यदुमामा चहाचा कप खाली ठेवून
बटण दाबेपर्यंत
नावं वर सरकून गेलेली असायची.
मग थेट जिना,
जिन्यात उघडी पडलेली स्कूटर,
आणि बनियनवर तिच्याशी भांडणारे बापू.

आम्ही नुसतं 'बापूंची' म्हणायचो.
बापूंची आली का?
रुवीत, पेट्रोल पंपामागच्या त्या इमारतीत
एवढं विचारलं की पुरे.

कॅसेट यायची कुणाच्या तरी सामानातून,
लोणच्याच्या बरणीला खेटून, टॉवेलात गुंडाळलेली.
विमानतळावर काढून घ्यायचे.
सरकारी माणूस आधी बघणार, मग देणार.
बाबा पावती घेऊन खेटे घालायचे,
अर्धी अर्धी रजा टाकून.
एकदा खिडकीतल्या बलुची कारकुनाने
शिक्का मारता मारता विचारलं,
"वो स्कूटर चालू हुआ क्या?"
अजून नाही, बाबा म्हणाले.
तोही हळहळला म्हणे.

शुक्रवारी सकाळी बघायचो.
एसी बंद करावा लागे,
नाहीतर त्याच्या खडखडाटात संवाद बुडत.
जूनमधली मस्कत, नऊ माणसं, एक सतरंजी,
घाम पुसत पुसत हसणं.
खालचा कुंजुमोन, मराठीचा गंध नसलेला,
आमच्या तोंडांकडे बघून
अर्ध्या क्षणाने हसायचा.

मामा चिकट.
जाहिरात लागली की रेकॉर्डिंग थांबवायचा,
फीत वाचावी म्हणून,
आणि परत सुरू करायला हमखास उशीर.
त्यामुळे प्रत्येक भागाला दोन-तीन भोकं.
माई धावत येते, दार उघडते,
खर्रर्र,
आणि बापू एकदम जमिनीवर, डोकं धरून,
सगळं घर खिदळतंय.

काय म्हणाली माई?

आई कॅसेट थांबवायची. म्हणायची, भरा आता.
निमकरकाकू म्हणाल्या, सासूबाई आल्या.
सुनेत्रा म्हणाली, बापू नापास झाले.
आईने पदर खोचला, बोहारणीसारखा हात केला:
"स्कूटर दिली, पातेली घेतली."
आणि बाबा,
घुब्र्याच्या पाण्याच्या प्लँटवरून रात्रपाळी करून आलेले,
एरवी मीठ मागायलाही तोंड न उघडणारे बाबा
काहीतरी बोलले.
मी टीव्हीला चिकटून बसलेलो.
मागे जो हशा उसळला त्यात मला ते ऐकूच आलं नाही.
काय, काय, म्हणून विचारत राहिलो,
पण हसणाऱ्या माणसांना कुठे काय सांगता येतं.

आता मी अल खुवैरला राहतो.
एसीला आवाज नाही.
गेल्या महिन्यात लेकीने फोनवर शोधून काढली,
अख्खी, नावासकट, जाहिरातींसकट.
नाव बघितलं.
आमचंच बरं होतं.
मग आलाच तो भाग. माई धावत आली, दार उघडलं,
मी श्वास धरून.
"अहो, पाहुणे आलेत."

बस्स. एवढंच.
लेक म्हणाली, यात हसण्यासारखं काय आहे बाबा?

बाबांना जाऊन अकरा वर्षं झाली.
मी मिरजेला फोन लावला. आईला कमी ऐकू येतं,
ओरडून विचारलं,
माईने दार उघडलं तेव्हा काय म्हणाली होती गं?
कोण माई, कुठलं दार, काही विचारलं नाही तिने.
"स्कूटर दिली, पातेली घेतली."
आणि बाबा?
"ते होय," आई म्हणाली,
"ते म्हणाले, झाकणं तरी मिळाली का?"

मिरजेत आई एकटीच हसत सुटली,
आणि इकडे
अर्ध्या क्षणाने मी.